अविधवा नवमीचं उड्डाण

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, काका, बीपी टेन्शनचं आहे, मनातलं लिहून काढा. ही वही कोणी वाचायची नाही. मुलाने, मिहिरनेसुद्धा नाही. सुनेने, स्वरदाने तर मुळीच नाही, ती शुद्धलेखन काढेल. नववीपर्यंत शिकलेला माणूस, चुका होणारच.

पितृपक्ष लागला. पुढच्या सोमवारी अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकोचं पान त्या दिवशी ठेवतात. म्हणजे आमच्या वसुधाचं. मागच्या वर्षी जानेवारीत गेली. झोपेत गेली. पुण्यवान.

फक्त एक गोष्ट. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. दीड तास सगळे उन्हात उभे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. यंदा जानेवारीत वर्षश्राद्ध झालं, तेव्हाही तेच. गुरुजी म्हणतात चालतं. मला नाही पटत. गवताचा कावळा म्हणजे साहेबांच्या सहीऐवजी शिक्का.

कावळा शिवला नाही की लोक म्हणतात, गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. वसुधाची काय राहणार? सगळं दिलं. मिक्सर दोनदा बदलून दिला.

दोष कावळ्यांचा आहे. मुलुंडमध्ये कावळे उरले नाहीत. सगळीकडे कबुतरांच्या जाळ्या.

संकल्प: यंदा खरा कावळा. काही झालं तरी.

ता.क. पहाटे किचनमध्ये स्टूल सरकल्यासारखा आवाज. उठून बघितलं. स्टूल जागेवर. उंदीर असावा. आपल्याकडे उंदीर नाहीत. तरी असावा.

बुधवार, १० सप्टेंबर. दुपारी

दोन दिवस गच्चीवरून पाहणी. कावळे आहेत! समोरच्या बिल्डिंगच्या मोबाइल टॉवरवर. सकाळी चार, दुपारी सहा. आमच्या गच्चीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पोळीचा तुकडा ठेवला, तो कबुतरांनी नेला.

विद्याधर भेटला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याला सांगितलं. म्हणाला, श्याम्या, कावळा काय स्विगीवाला आहे का, पत्ता दिला की येईल? मग खोटं का होईना, गंभीर होऊन म्हणाला, वहिनी खाष्ट नव्हत्या रे. येतील.

त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. कावळा इथे येत नसेल तर पान तिथे गेलं पाहिजे. म्हणजे हवेतून.

इथेच माझा अनुभव कामाला येणार. एव्हिएशन लाइनमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. सहारला विमानाच्या जेवणाचं किचन होतं, तिथे ट्रे सेक्शनला. आकाशातल्या माणसाला वेळेवर जेवण पोचवणं, हेच तर केलं आयुष्यभर.

मिहिरचा ड्रोन माळ्यावर पडून आहे. लडाखला जाताना घेतला होता. दोनदा उडवला.

गुरुवार, ११ सप्टेंबर. दुपारी २.४०

मिहिर, स्वरदा ऑफिसला. ड्रोन काढला. चार्ज केला. फोनमध्ये त्याचं अॅप मिहिरने केव्हातरी टाकून दिलं होतंच. सगळं इंग्लिशमध्ये. पण खुणांवरून कळतं. बाण वर म्हणजे वर.

हॉलमध्ये पहिलं उड्डाण. फॅन बंद केला होता. पडदा विसरलो.

तिथून तो वसुधाच्या फोटोवर गेला. काच तडकली. बरोबर डोळ्यांच्या मधून.

संध्याकाळी स्वरदाने विचारलं. वारा म्हटलं. ती म्हणाली, बाबा, खिडकी तर बंद आहे. मी म्हटलं, मुंबईचा वारा, कुठूनही येतो. तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. हुशार आहे.

तडकल्यापासून वसुधा दोन दिशांना बघते. हॉलमध्ये कुठेही बसा.

शनिवार, १३ सप्टेंबर. सकाळी ११

गच्चीवर सराव. वड्याऐवजी शिळा पाव, दोऱ्याने बांधून. झकास उडाला. टॉवरपर्यंत गेला, परत आला. पाव मात्र वाटेत खाली तळमजल्यावरच्या श्वेताच्या कुंडीत पडला. ती ओरडली, कोण रे ते? मी कठड्याआड वाकलो. तसा दोष गाठीचा आहे, उड्डाणाचा नाही.

सहारच्या किचनमधली सवय, कुठलीही ट्रॉली नाव-नंबर टाकल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. ड्रोनवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: मिहिर, आणि त्याचा मोबाइल नंबर. हरवला तर कोणीतरी आणून देईल. अशा गोष्टी तरुणांना सुचत नाहीत.

नंतर सोसायटीच्या बोर्डावर स्वतःच्या हाताने नोटीस लावली: 'सोमवारी गच्चीवर कावळ्यांना हाकलू नये, ही नम्र विनंती. श्यामकांत, ४०३.' बोर्डावर जागा नव्हती. एका मोठ्या कागदावरच लावली. असेल पाण्याचं काहीतरी.

रविवार, १४ सप्टेंबर. रात्री

उद्या. सगळी तयारी आहे. मी शांत आहे.

बीपी १६८. मशीन जुनं झालंय.

सोमवार, १५ सप्टेंबर. सकाळी ७

पहाटे पाऊस, आता उघडला. मिहिर, स्वरदा दोघांनी सुट्टी घेतली. वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. सवाष्ण म्हणून श्वेताला बोलावलंय. कुंडीतल्या पावाबद्दल तिला माहीत नाही.

किचनमध्ये गेलो, सोडा फुटल्याचा वास आला. लिंबू-सोडा. स्वरदा म्हणाली, कुठे बाबा, काही नाही. मी बाहेर आलो. मला लिंबू-सोडा आवडतच नाही आता.

दुपारी १२.४५

पान कठड्यावर ठेवून पन्नास मिनिटं. कावळा नाही.

मग पद्धतीप्रमाणे एकेकाने कबूल करायला सुरुवात केली. कबूल केलं की शिवतो. मिहिर हात जोडून म्हणाला, आई, बाबांकडे आम्ही नीट बघू. नाही आला. स्वरदा म्हणाली, तुमची पितळेची भांडी मोडीत नाही काढणार. नाही. श्वेता म्हणाली, काकू, तुमची तुळस मी सांभाळते. नाही. मी म्हटलं, बीपीची गोळी चुकवणार नाही. देवळात जाईन. विद्याधरशी पत्ते कमी करीन.

टॉवरवरचे सहाच्या सहा आमच्याकडे बघत होते. हलले नाहीत.

मनात आणखी एक होतं. ते बोललो नाही. चारचौघांत काय बोलायचं?

सगळे जेवायला खाली गेले. मी म्हटलं, थांबतो जरा.

दुपारी ३

काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझी चूक नाही हे कळेल.

केळीच्या पानात वडा आणि थोडी खीर. घट्ट बांधली. ड्रोन सुरू केला. फोनवर लाल चौकोन आला, इंग्लिशमध्ये बरंच काही. फोनवर असं रोज येतं, कर्ज हवंय का, क्रेडिट कार्ड हवंय का. ओके दाबलं. पुन्हा आला. पुन्हा ओके.

उड्डाण उत्तम. टॉवरजवळ नेला. कावळे उठले. पण वड्याकडे नाही, ड्रोनच्या मागे लागले. ओरडत. मी त्याला बाजूला घेतला. त्यांनी आणखी रेटला. माझं बोट भलत्याच बाणावर. ड्रोन रस्ता ओलांडून मैदानाकडे गेला.

मैदानात मांडव. झेंडे. पोलीसच पोलीस. मला आठवलं, नव्या दवाखान्याचं उद्घाटन, मोठे पाहुणे येणार, असं काहीतरी बोलत होते. खाली शिट्ट्या वाजायला लागल्या. एक खाकीवाला वर बोट दाखवत पळत होता. मग फोनवर चित्र गेलं. काळं.

भुणभुण मात्र ऐकू येत होती. बराच वेळ.

खाली येऊन जेवलो. मिहिर म्हणाला, शिवला का? मी म्हटलं, जवळजवळ.

रात्री ८

टीव्हीवर एका चॅनलवर आलं. कार्यक्रमस्थळी अज्ञात उडती वस्तू. पाहुण्यांचं भाषण सात मिनिटं थांबवलं. वस्तूसोबत संशयास्पद पुडकं, आत पांढरट चिकट पदार्थ. तपासणीसाठी रवाना.

मिहिर म्हणाला, काय एकेक वेडे असतात यार. स्वरदा म्हणाली, तो पदार्थ म्हणजे काय असेल?

शेवयांची खीर आहे, हे जगात फक्त मला माहीत आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर. सकाळी

लिफ्टमध्ये विद्याधर. म्हणाला, श्याम्या, ते ड्रोनवालं बघितलंस? वाट लागणार त्याची. पोलिसांनी तर आधीच आपल्या बोर्डावर कागद लावला होता.

बोर्डाकडे गेलो. कोणी नाही बघून माझी नोटीस उचलली. खाली पोलिसांचा कागद. १५ तारखेला सकाळी ८ ते संध्याकाळी ६ तात्पुरती उड्डाणबंदी. ड्रोन, पॅराग्लायडर, मोठे फुगे. मराठीत. ठळक अक्षरात.

माझी नोटीस परत तशीच लावली. आता उशीर झाला आहे, पण कागद काढला तर संशय येईल.

विचार केला तर दोष पोलिसांचा. कागद वर लावायचा असतो.

दिवसभर भुणभुण. फ्रिज बंद करून बघितला. टीव्ही, पंखा, सगळं. भुणभुण आहेच. विमान असेल. नव्हतं.

आणि एकदम आठवलं. चिकटपट्टी. मार्कर. मिहिरचा नंबर.

मिहिर तरुण आहे. सोसेल. (हे खोडायचं आहे.)

बुधवार, १७ सप्टेंबर. रात्री ९

जेवताना मिहिर फार खूश. आज दुपारी एकाचा फोन आला, पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचा ड्रोन सापडला, येऊन जा. मिहिर म्हणाला, मी पण सोडला नाही. ते डिजिटल अरेस्टवाले भामटे. म्हटलं, तुझ्यासारखे छप्पन बघितलेत, माझा ड्रोन माझ्या माळ्यावर आहे, जा, तुझ्या बापाला अटक कर. आणि कट. स्वरदा हसत सुटली. म्हणाली, बाबा, तुम्हालाही असा फोन आला तर घाबरू नका हं.

नाही घाबरणार म्हटलं. दोन पोळ्या कशाबशा खाल्ल्या.

संकल्प: उद्या सकाळी मिहिरला सगळं सांगणार. चहाच्या वेळी. शांतपणे.

गुरुवार, १८ सप्टेंबर. सकाळी ९.३०

चहाच्या वेळी त्याला ऑफिसचा कॉल होता. रात्री सांगणार.

दुपारी १

बेल. हवालदार. नाव कुंडलिक साळवे, छातीवरच्या पट्टीवर वाचलं. मिहिर आहे का? मी म्हटलं, मी त्याचा बाप, तो ऑफिसला. म्हणाले, काका, तुमचा मुलगा फोनवर लई तापट आहे. फोन करणाऱ्या आमच्या ठाणे अंमलदाराला काय काय बोलला. उद्या त्याला पाठवा, नाहीतर आम्ही ऑफिसात जाऊ. बरं दिसणार नाही.

चहा केला. साखर दोनदा घातली. त्यांनी फोटो बघितला. काकू? हो. कशाने? झोपेत गेली, मी म्हटलं. ते म्हणाले, नशीबवान. आमची आई आठ महिने आयसीयूत.

ते गेल्यावर बघतो तर त्यांच्या कपाशेजारी माझा कप, आणि तिसरा कप भरून ठेवलेला. तिघांचा चहा कधी ओतला, आठवत नाही.

रात्री

मिहिर दमून आला. उद्या सांगणार. नको. उद्या मी स्वतः जाणार. एव्हिएशनचा माणूस आहे, त्यांच्या भाषेत समजावीन. तासाभरात मिटेल. मिहिरला कळणारही नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळी ६

तासाभरात नाही मिटलं. चार तास.

सब-इन्स्पेक्टर रश्मी मॅडम. वय तीस-बत्तीस असेल. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत आमचा ड्रोन. एक पंख तुटलेला. दुसऱ्या पिशवीत केळीचं पान, काळं पडलेलं. वडा नव्हता. विचारलं, कावळ्याने खाल्ला का? मॅडम म्हणाल्या, लॅबने.

मी सुरुवात केली की मी एकतीस वर्षं हवाई क्षेत्रात. त्यांनी मान वर केली. पायलट? नाही म्हटलं. इंजिनिअर? नाही, ट्रे. साळवे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

मॅडम म्हणाल्या, बाबा, सरळ सांगा, का उडवला? मी कावळ्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, इतका अट्टाहास कशाला? गुरुजींनी दर्भाचा केला होता ना? मी म्हटलं, तो खोटा. मला खऱ्याकडून ऐकायचं होतं. काय ऐकायचं होतं, त्यांनी विचारलं. जबाब लिहायला घेतला होता. पेन माझ्याकडेच रोखलेलं.

आणि तोंडातून गेलं.

वसुधा झोपेत गेली नाही. मॅच होती. शेवटच्या चार ओव्हर. ती किचनमधून म्हणाली, अहो, छातीत कसंतरी होतंय, मिहिरला फोन करा ना. मिहिर तेव्हा ठाण्याला राहायचा. मी म्हटलं, उसळ खाल्लीस ना, अॅसिडिटी आहे, लिंबू-सोडा घे. ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, थांब गं, एवढी ओव्हर होऊ दे. मग सोडा फुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, बरं वाटत असेल. मॅच संपल्यावर गेलो तर स्टुलावर बसलेली, डोकं ओट्यावर. ग्लास भरलेला. तिला उचलून पलंगावर नेऊन झोपवलं, पांघरूण घातलं. मग सगळ्यांना फोन केले. झोपेत गेली म्हटलं.

पोलीस ठाण्यात कुठेतरी वायरलेस बोलत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाबा, हे लिहू का? मला वाटलं, आता शिक्षा सांगतील. लिहा म्हटलं. त्यांनी सगळं लिहिलं. मी विचारलं, याला कलम कुठलं? त्या म्हणाल्या, याला कलम नाही. ड्रोनला आहे.

माझी सही घेतली. मग म्हणाल्या, ड्रोन तुमच्या मुलाच्या नावावर. त्याला येऊन जबाब वाचून खाली सही करावी लागेल.

मी उभा राहिलो. म्हटलं, तेवढा भाग खोडा. घरचा आहे. मॅडम म्हणाल्या, सही झालेला जबाब खोडता येत नाही. मी म्हटलं, मग मला आत टाका, पण त्याला वाचायला देऊ नका. साळव्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, काका, घरी जा. आम्ही त्याला बोलावतो, नीट बोलतो. या वेळी फोन कट करायला सांगू नका फक्त.

रिक्षाने आलो. घराच्या दोन बिल्डिंग आधीच उतरलो.

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी ११

मिहिर गेलाय. मी पहाटे सांगितलं, पण फक्त ड्रोनचं. तो आधी हसला, मग ओरडला, मग पुन्हा हसला. स्वरदाने कपाळावर हात मारला. म्हणाली, म्हणजे तो पांढरट पदार्थ माझी खीर? टीव्हीवर आलेली पहिली खीर माझी!

बाकीचं सांगणार होतो. त्याने चप्पल घातली होती. उगाच उशीर कशाला.

कदाचित वाचणार नाही. तरुण लोक काही वाचत नाहीत. ओके दाबतात. मॅडमचं अक्षरही बारीक होतं.

दुपारी १.३०

अजून आला नाही. फोन उचलत नाही.

बॅग भरून ठेवली. दोन सदरे, गोळ्या, वही. त्याने जा म्हटलं तर जायला हवं. कुठे, ते बघू. विद्याधरकडे एक खोली आहे.

संध्याकाळी ६.४०

आला. स्वरदाला म्हणाला, सगळं झालं, समज देऊन सोडलं, ड्रोन नंतर मिळेल. माझ्याकडे न बघता आत गेला. दार लावलं.

बॅग दारापाशीच ठेवली आहे. दिसेल अशी.

रविवार, २१ सप्टेंबर. दुपारी

सर्वपित्री. कोणाचं पान राहिलं असेल तर आज ठेवतात. स्वरदाने मला विचारलं नाही. सकाळी पुन्हा वडे केले, पुन्हा खीर.

अकराला मिहिर म्हणाला, बाबा, चला वर. दोघेच गेलो. पान त्याने ठेवलं. मी तयारी केली होती की तो काय काय बोलेल, मी काय काय सांगीन. डॉक्टरनेही नंतर म्हटलं होतं की वाचल्या नसत्या, हे सांगायचं होतं. डॉक्टरने तसं म्हटलं नव्हतं. मीच त्याला विचारलं नव्हतं.

मिहिर कठड्याला टेकून उभा. म्हणाला, वाचलं मी. दोनदा वाचलं. साळव्यांनी चहा दिला, तो तसाच राहिला.

मी म्हटलं, बॅग भरली आहे.

त्याने ऐकलंच नाही. खिशातून फोन काढला. जुना, काच फुटलेला, तो आता वापरत नाही पण टाकतही नाही. मला दाखवला. मिस्ड कॉल. आई. नऊ सत्तेचाळीस. पुन्हा आई. नऊ एकोणपन्नास. जानेवारीतली तारीख.

म्हणजे तुम्ही फोन केला नाहीत म्हणून तिने स्वतःच केला, मिहिर म्हणाला. मी बघितलं होतं आईचा आहे. म्हटलं, ओव्हर संपली की करतो. मित्र होते घरी. मग तुमचाच फोन आला. झोपेत गेली म्हणालात. बाबा, मी पावणेदोन वर्षं म्हणतोय, बरं झालं, झोपेत गेली. म्हणजे तो फोन असाच काहीतरी असेल. उसळीला हिंग संपला वगैरे.

त्याचा आवाज लहानपणासारखा झाला होता. मला पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला की नाही, आता लिहिताना आठवत नाही.

आम्ही दोघांनी काहीच कबूल केलं नाही. कोणाला करणार आणि काय. कावळ्याकडेही बघितलं नाही. पान तिथेच ठेवून खाली आलो. नंतर स्वरदा वर जाऊन आली, पान रिकामं आहे म्हणाली. कोणी खाल्लं, आम्ही विचारलं नाही.

जेवायला बसलो. मिहिरने बॅग उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली होती. पहिला घास घेताना तो थांबला. म्हणाला, बाबा, ती मॅच कोण जिंकलं होतं?

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं.

त्यालाही आठवत नव्हतं.